मऊ आवाजाची पेटी

व्यासराजांना वीणा कोरडी वाटू लागली ती त्या वर्षीच्या उन्हाळ्यात.

आधी त्यांना वाटलं, हे रेकॉर्डिंगच खराब असेल. मग त्यांनी दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच. तार छेडली की जो गोल, भरलेला सूर खोलीभर पसरायचा, त्याच्या जागी नुसती टोकदार टकटक राहिली होती. आवाज कमी केला तर गाणं भिंतीपलीकडे निघून जायचं आणि वाढवला तर कानात काटे टोचायचे.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या त्या घरात ते एकटे राहत. पाटबंधारे खात्यात इंजिनीअर म्हणून त्यांची नोकरी झाली होती. त्यातली बरीच वर्षं एच. डी. कोटेला, कबिनीच्या धरणावर, जनरेटर आणि पंपांच्या घरघराटात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हौस केली. मागची खोली रिकामी केली, भिंतींना जाड पडदे लावले, चांगले स्पीकर आणि अँप्लिफायर जमवले आणि आयुष्यभर गोळा केलेलं गाणं संगणकात भरून घेतलं. सकाळची कॉफी झाली की ते त्या खोलीत जात, ते जेवायलाच बाहेर येत.

पत्नी विशालाक्षी पुण्याला, मुलीकडे होती. प्रार्थनाला मूल झालं तेव्हा ती थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली, एकदा परत आली, पुन्हा गेली आणि मग ते तसंच राहिलं. त्याला तीन वर्षं होत आली होती. कोणी विचारलं तर व्यासराज म्हणत, "नातवाला बघायला कोणी नाही ना तिकडं." रोज सकाळी तिचा फोन यायचा.

"बरं आहे ना?"

"बरं आहे."

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

एवढ्यात तो संपायचा. आधी ती बरंच काही बोलायची, पण हल्ली तिचं बोलणं तुटक झालंय असं त्यांना वाटायचं. त्यांनी कारण विचारलं नव्हतं.

मठातल्या आराधनेला जाणंही त्यांनी सोडलं होतं. पंगतीत शेजारचा माणूस ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो, पलीकडचा हसतो आणि आपण मधे पानातल्या भाताकडे बघत बसतो, हे त्यांना नकोसं झालं होतं. हल्ली लोक नीट तोंड उघडून बोलतच नाहीत, असं त्यांचं मत झालं होतं. वीणा मात्र नीट बोलायची. म्हणून ती कोरडी झाली तेव्हा ते घाबरले.

इंटरनेटवर गाण्याच्या यंत्रांचे शौकीन एकमेकांना सल्ले देतात, अशा एका गटात त्यांनी आपलं दुखणं लिहिलं. उत्तरं भराभर आली. बहुतेकांचा रोख एकाच वस्तूवर होता, तो म्हणजे डॅक. संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करून अँप्लिफायरला देणारी छोटी पेटी म्हणजे डॅक. तुमची पेटी जुनी आणि रूक्ष स्वभावाची आहे, लोकांनी लिहिलं, आवाजात ऊब आणणारी घ्या. म्हैसूरमध्येच भुवन म्हणून एकजण आहे, त्याच्याकडे ऐकून बघायला मिळेल.

भुवनची जागा लष्कर मोहल्ल्यात, एका पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या दुकानाच्या वर होती. खाली हातोड्या चालू आणि वर गाण्याची यंत्रं. भुवन चाळिशीला आलेला, आठवडाभर एका सॉफ्टवेअर कंपनीत आणि शनिवार-रविवारी इथे. त्याचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. घरात मराठी होती, पण ती आता त्याच्या तोंडात पातळ झाली होती.

"या काका, बसा," तो म्हणाला. "माझं मराठी स्वल्प ओढाताणीचं आहे हं. ॲडजस्ट करा."

"माझंही काही पुण्याचं नाही," व्यासराज म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी आपण कोणाशी तरी हसून बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. भुवननं ते मन लावून ऐकलं. मग कपाटातून दोन पेट्या काढून टेबलावर ठेवल्या. एक काळी, जड. तिच्या आत बारीक रेझिस्टरांची शिडीच्या पायऱ्यांसारखी रांग होती आणि प्रत्येक पायरी आवाजाचा आपापला वाटा उचलायची. दुसरीच्या माथ्यावर काचेचे दोन व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असत तसे. चालू केल्यावर ते नारिंगी उजळले.

"शिडीवालीचा आवाज अंग भरलेला. व्हॉल्व्हवालीचा मऊ, थोडा जास्तच मऊ. हातमोजा घालून वाजवल्यासारखा. इथं खालच्या टकटकीत काय कळणार? दोन्ही घेऊन जावा. तुमच्या खोलीत, तुमच्या गाण्यावर बघा. घाई नाही."

"आणि मला काहीच नाही पटलं तर?"

"तर परत आणा. मला पण कोणीतरी ऐकणारं पाहिजे की, काका."

व्यासराज दोन्ही पेट्या रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. पुढचे काही दिवस त्यांचे चांगले गेले. सकाळी एक जोडायची, दुपारी दुसरी, संध्याकाळी आपली जुनी. तेच आलापन, तीच जागा, पुन्हा पुन्हा. इंजिनीअरच्या सवयीनं ते मनात तुलना करत. पहिल्या दिवशी व्हॉल्व्हवालीत ऊब आहे असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी ती ऊब सापडेना. शिडीवाली भरलेली वाटली, मग पाहिलं तर वायर जुन्याच पेटीला लावलेली होती. ते स्वतःशीच खजील झाले. आवाज आणखी वाढवून पाहिला, तेव्हा तिन्ही पेट्या सारख्याच टोचल्या.

शेवटी त्यांनी भुवनला फोन केला. "मला ठरवता येईना. तू येऊन बघतोस का? खोलीतच काही दोष असेल."

रविवारी सकाळी भुवन आला. खोलीत शिरताच त्यानं पडदे, स्पीकरांची जागा, सगळं कौतुकानं पाहिलं. व्यासराजांनी कॉफी केली. मग वीणा लावली आणि भुवन दचकून मागं सरकला.

"काका, इतका मोठा?"

"मोठा कुठं? रोजचाच आहे."

भुवननं विचारून बटण बरंच खाली आणलं. व्यासराजांच्या लेखी गाणं शेजारच्या घरात गेलं. भुवन मात्र डोळे मिटून बसला. मग त्यानं पेट्या बदलल्या, पुन्हा बसला. शिडीवालीवर त्याची मान हलली.

"अय्यो, काय सुंदर आहे हो. तार सुटल्यावर मागं जो बारीक सूर राहतो ना, तो बघा कसा विरघळतोय."

व्यासराजांनी कान दिला. तार वाजली, थांबली. मागं काहीच नव्हतं. ते म्हणाले, "हूं."

"काका, तुमचा फोन वाजतोय."

"कुठं?"

"आत. मघापासून."

स्वयंपाकघरात ओट्यावर फोन होता. विशालाक्षीचे लागोपाठचे चुकलेले कॉल दिसत होते. "गाणं चालू होतं," परत येऊन व्यासराज म्हणाले. पण गाणं केव्हाच थांबलं होतं, आणि भुवनला ते ठाऊक होतं.

त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला. थोड्या वेळानं म्हणाला, "खोलीचा दोष बघू या. माझ्याकडे एक फाईल आहे. एकच सूर खालून हळूहळू वर चढत जातो. कुठं अडकला की कळतं."

त्यानं तो सूर लावला. आधी जमिनीतून आल्यासारखी घरघर, मग भुंग्यासारखी गुणगुण, मग शिट्टी. शिट्टी बारीक होत गेली आणि विझली. व्यासराज थोडे थांबले.

"संपलं का?"

भुवन त्यांच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा दात आंबल्यासारखा आक्रसला होता.

"नाही काका," तो हळू म्हणाला. व्यासराजांनी ते ओठांवरून ओळखलं. "अजून चालू आहे."

मग भुवननं हात पुढं करून ते बंद केलं.

"तुझ्या फाईलमध्येच घोळ आहे," व्यासराज म्हणाले.

"असेल."

"दुसऱ्याच्या घरी येऊन माणसाची परीक्षा घ्यायची असते का?"

"तसं नाही काका, खरंच मला माहीत नव्हतं."

"पेट्या घेऊन जा."

भुवन उठला. पेट्यांना त्यानं हात लावला नाही. दारात चपला घालताना म्हणाला, "राहू देत. घाई नाही." आणि गेला.

त्या दुपारी व्यासराज जेवले नाहीत. त्यांनी स्वतः तसलीच एक फाईल शोधून लावली आणि संगणकाच्या पडद्यावर डोळे लावून बसले. कंपनांचा आकडा चढत होता. अँप्लिफायरवरची हिरवी पट्टी नाचत होती. यंत्र काम करत होतं, वीज वाहत होती, आणि खोलीत काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा त्याच आकड्याशी सूर विझला. आयुष्यभर मोजमापं घेतलेल्या माणसाला एवढा पुरावा पुरे होता, तरी त्यांनी तिसऱ्यांदा लावलं.

पुढचे कितीतरी दिवस त्यांनी खोली उघडली नाही. विशालाक्षीचा फोन आला की "बरं आहे" म्हणत. भुवनचा एक निरोप आला होता. त्याला उत्तर दिलं नाही. घर इतकं शांत त्यांना कधी वाटलं नव्हतं आणि आता त्या शांततेवर विश्वासही उरला नव्हता. खरंच शांत आहे, की पंखा कुरकुरतोय, नळ ठिबकतोय, दारावर कोणी उभं आहे? एकदा ते उगाच दार उघडून बघून आले.

शेवटी गणपतीचे दिवस उलटल्यावर ते मानसगंगोत्रीजवळच्या, विद्यापीठाच्या आवाराशेजारच्या, कान तपासणाऱ्या श्रवणसंस्थेत गेले. म्हैसूरचा माणूस त्या फाटकावरून आयुष्यभर ये-जा करतो. आपण आत जाऊ, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मधुमिता नावाच्या तरुण ऑडिओलॉजिस्टनं त्यांना एका जाड भिंतींच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सूर ऐकू आला की बटण दाबा म्हणाली. मग काचेपलीकडून ती एकेक कन्नड शब्द म्हणू लागली. ते त्यांनी तसेच उच्चारायचे. ती 'तप्पू' म्हणाली, म्हणजे चूक. त्यांनी 'उप्पू' सांगितलं, म्हणजे मीठ. आपण अगदी बरोबर सांगतोय अशा खात्रीनं ते सांगत होते. मधुमिताच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, ती फक्त लिहीत गेली.

नंतर तिनं त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सावकाश, ओठ दिसतील असं बोलली.

"सर, दोन्ही कानांना वरच्या पट्टीतले बारीक सूर ऐकू येत नाहीत. मोठ्या आवाजात नोकरी झाली का?"

"धरणावर."

"हे बऱ्याच वर्षांचं आहे. अशा कानाला मंद आवाज येतच नाही आणि मोठा केला की एकदम टोचतो. मधली जागा अरुंद होते. संगीत ऐकता का तुम्ही?"

व्यासराजांनी मान हलवली. मग, का कोण जाणे, त्यांनी तिला डॅकच्या पेट्यांबद्दल सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"पेटी बदलून हे जाणार नाही, सर. श्रवणयंत्र लावल्यावर सुरुवातीला सगळं पत्र्यासारखं वाजेल. तेव्हा तुमची मऊ पेटी कदाचित उपयोगी पडेल. पण आधी यंत्र. घरी कोणाच्या लक्षात आलं होतं का हे?"

"घरी कोणी नाही."

"मिसेस?"

"पुण्याला असते."

"त्यांना विचाराल? केव्हापासून सुरू झालं ते कळलं तर बरं."

घरी येऊन त्यांनी फोन समोर ठेवला, स्पीकर चालू केला आणि विशालाक्षीला लावला. दुपारची वेळ होती. या वेळी ते कधी फोन करत नसत. तिनं घाबरूनच उचलला.

"काय झालं हो?"

"काही नाही. एक विचारायचं होतं. मला कमी ऐकू येतं, असं तुला कधी वाटलं होतं का?"

पलीकडून काहीच आलं नाही. लाईन तुटली की काय, म्हणून ते फोनवर वाकले.

"आज तपासून आलो. दोन्ही कान. बरीच वर्षं झाली असणार म्हणतात."

"मला वाटायचं," ती म्हणाली आणि थांबली.

"मोठ्यानं बोल."

"मला वाटायचं, तुम्हाला ऐकायचंच नसतं."

व्यासराजांनी फोन जवळ ओढला. ती बोलू लागली. आधी हळू, मग त्यांनी दोनदा "काय?" म्हटल्यावर मोठ्यानं, शेजारी ऐकतील एवढ्यानं. स्वयंपाकघरातून ती काही सांगायची आणि ते पेपर उलटायचे. अंगणात ती विचारायची आणि ते वाट चालू लागायचे. मग तिनं विचारणं कमी केलं. भिंतीशी किती बोलायचं माणसानं?

"आणि मी इकडं यायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली, "दुसऱ्यांदा आले तेव्हा. तुम्ही त्या खोलीत स्पीकरांच्या मागं वाकून वायरी जोडत होता. मी दारात उभी होते. मी विचारलं, राहू का मी इथंच? तुम्ही म्हणालात तर प्रार्थनाला नाही म्हणून सांगते. तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. म्हणालात, बरं, जाऊन ये."

व्यासराजांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तू तेव्हा कुठं बाहेर निघाली होतीस का?"

"हो. पिशवी घेऊन मेतकूट दळायला निघाले होते, प्रार्थनासाठी."

"म्हणजे मी..."

"तुम्हाला आठवतंय?"

ते आठवायचा प्रयत्न करत राहिले. वायरी आठवल्या. स्पीकरही आठवले, नवेच आले होते तेव्हा. दारात उभी असलेली बायको आठवेना. तिच्या मनात रोज असलेला तो दिवस त्यांच्या मनात नव्हताच.

"नाही," ते म्हणाले. "बाजारात जातेस असं वाटलं असेल. तसंच म्हणालो असेन."

पलीकडून श्वासासारखं काहीतरी आलं. रडणं की नुसती खरखर, त्यांना कळलं नाही. तिला विचारायचीही हिंमत झाली नाही.

"पोर उठलंय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "ठेवते."

श्रवणयंत्रं आली तेव्हा शहरात दसऱ्याची रोषणाई लागली होती. मधुमितानं ती कानांत बसवली, संगणकावर जुळवली आणि व्यासराज रस्त्यावर आले, ते हबकून उभे राहिले. चपलेचा आवाज. झाडाच्या पानांचा आवाज. रिक्षाचा हॉर्न तर सुरीसारखा. घरी आल्यावर त्यांनी किल्ली टेबलावर टाकली आणि दचकले. वीणा लावली, तर ती पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी. पण तार सुटल्यावर मागं काहीतरी राहत होतं. फार बारीक, वाकडं-तिकडं, तरी होतं.

पुढच्या शनिवारी ते लष्कर मोहल्ल्यात गेले. खालच्या हातोड्यांनी जीव नकोसा झाला, तरी जिना चढले. भुवन एक अँप्लिफायर उघडून बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि त्याची नजर व्यासराजांच्या कानावर गेली.

"मी त्या दिवशी फार वाईट बोललो," व्यासराज म्हणाले.

"सुम्ने, जाऊ द्या ते काका." भुवननं त्यांच्यासाठी स्टुलावरच्या वायरी उचलल्या. "माझ्या बाबांचं पण असंच होतं. आम्ही घरात सगळे ओरडून बोलायचो आणि ते म्हणायचे, मला का ओरडता? मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, तुमच्या घरी तो आवाज ऐकून." तो थोडा थांबला. "पेट्यांचं काय?"

"अजून ठरलं नाही. थोडे दिवस राहू देतोस?"

"घाई नाही म्हटलं की मी."

दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर विशालाक्षी आली. प्रार्थनानं आठवड्याची रजा काढून तिला पाठवलं होतं. स्टेशनवर तिनं पहिल्यांदा त्यांच्या कानांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "दाखवा बघू," म्हणून तिनं त्यांची मान हळूच वळवली, लहान पोराची वळवावी तशी, आणि पुन्हा सरळ केली.

संध्याकाळी ते पेपर वाचत असताना ती आतून म्हणाली, "साखर किती घालू हो? पूर्वीएवढीच?"

"अर्धा चमचा. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलीय."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. ती पातेलं हातात घेऊनच दारात आली आणि उभी राहिली. मग पुन्हा आत गेली. कॉफी यायला त्या दिवशी फार वेळ लागला आणि ती आली तेव्हा विशालाक्षीचे डोळे लाल होते.

ती आल्यापासून त्यांना बरंच काही कळलं. समोरच्या घरातली नरसिंहमूर्तींची बायको गेली होती आणि हे तिनं फोनवर त्यांना सांगितलंही होतं. त्यावर ते "बरं आहे" म्हणाले होते. पुण्याला नातू आजीला 'अज्जी' म्हणतो आणि बाकी सगळं मराठीत बोलतो. विशालाक्षीचा गुडघा वर्षभर दुखत होता. एकेक गोष्ट ती त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे बघून सांगत होती, आणि ते "पुन्हा सांग" म्हणत. कधी कधी ती पुन्हा सांगता सांगता थकून जाई. तेही थकत. कानांतली यंत्रं काढून ठेवावीत असं त्यांना वाटे आणि ते ठेवत नसत.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला गाण्याच्या खोलीत बोलावलं. इतक्या वर्षांत ती तिथं कधी बसली नव्हती. खुर्ची एकच होती. त्यांनी स्वयंपाकघरातून दुसरी आणली.

"दोन पेट्या आहेत. यातली कुठली ठेवायची ते मला कळत नाही. तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कान आहेत ना तुला?"

ती हसली. त्यांनी आवाज तिला सोसेल एवढाच ठेवला. आधी व्हॉल्व्हवाली लावली. ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. "झोप येते यानं," म्हणाली. मग त्यांनी शिडीवाली जोडली. तेच आलापन. मधेच तिनं डोकं किंचित कलतं केलं आणि तसंच ठेवलं. ते तिच्याकडे बघत होते, स्पीकरांकडे नाही.

"हे," गाणं संपल्यावर ती म्हणाली. "हे अंगावर येत नाही. जवळ बसून वाजवल्यासारखं आहे."

त्यांच्या कानाला दोन्ही पत्र्याचीच होती, एक कदाचित थोड्या जाड पत्र्याची. "मग हीच ठेवू," ते म्हणाले.

त्यांनी यंत्र बंद केलं. खुर्ची वळवून तिच्यासमोर बसले. "विशाला, इथं राहतेस का?"

त्यांनी डोळे तिच्या ओठांवर ठेवले होते, एकही अक्षर निसटू नये म्हणून.

"हे तेव्हा म्हणाला असता, तर त्याच पावली पिशवी खाली ठेवली असती," ती म्हणाली. "रागानं सांगत नाही. तुमची चूक नव्हती, आता कळतंय मला. पण मी तिकडं तीन वर्षं काढली ना हो, तुम्हाला मी नकोय असं समजून. तसं समजून जगायला शिकले. सकाळी चालायला माझ्याबरोबर चौघी असतात. मी गेले नाही तर खाली उभ्या राहून हाका मारतात. पोराला शाळेतून मीच आणते. ते सगळं आता कसं टाकू? तुम्हीच या तिकडं."

"तिथली गडबड मला झेपत नाही."

"आता ऐकू येतंय ना?"

"येतं. कळत नाही. सगळे एकदम बोलायला लागले की नुसता कालवा होतो."

"मग एकेकजण बोलू," ती म्हणाली. पण ते कसं व्हायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मग ती डबा भरायला उठली.

ती गेल्यावर व्यासराजांनी व्हॉल्व्हवाली पेटी पुसून, कापडात गुंडाळून भुवनला नेऊन दिली आणि शिडीवाली ठेवून घेतो म्हणाले.

"मला माहीत होतं," भुवन खूश होऊन म्हणाला. "ऊब कळली ना?"

"बायकोला कळली," व्यासराज म्हणाले.

आता ते सकाळी थोडाच वेळ ऐकतात, हळू आवाजात. मधुमितानं यंत्रात संगीतासाठी वेगळी जुळणी करून दिली आहे, त्यानं पत्रा थोडा कमी झाला आहे. पूर्वीची वीणा परत येणार नाही, हे तिनं स्पष्टच सांगितलं आहे. विशालाक्षीचा फोन आता चित्रासह येतो. ती फोन फार जवळ धरते, म्हणून कधी नुसती हनुवटी दिसते, आणि ते तिला वर घे म्हणतात. बोलणं पूर्वीपेक्षा लांबतं. ते संपल्यावर घरात जो आवाज उरतो, तो आता त्यांना ऐकू येतो. फ्रीजचा, घड्याळाचा, बाहेर कोणाच्या तरी बोलण्याचा.

डिसेंबरात त्यांनी संक्रांतीसाठी पुण्याचं तिकीट काढलं. परतीचंही त्याच वेळी काढून ठेवलं.